दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका अरुंद बोळात, आबांचं पाइप वाकवण्याचं आणि वेल्डिंगचं दुकान होतं. ऑइल इंजिनांच्या जमान्यात या भागानं नाव कमावलं. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावं इथले जुने कारागीर आजही आदरानं घेतात. आबा त्याच वळणाचे. बोलणं कमी, हात सतत कामात, आणि माप घेतल्याशिवाय करवत उचलायची नाही हा एकच नियम.

त्यांचा पुतण्या बाळू पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून दुकानात बसू लागला होता. हात चांगला, डोकं तल्लख, आणि शर्यतीच्या गाड्यांचं भारी वेड. त्यामुळे शिरोळचा एक बागायतदार पोरगा आपली जुनी मारुती एस्टीम घेऊन आला, तेव्हा आबांनी ते काम बाळूच्या हाती दिलं.

गाडी फक्त स्पर्धेची होती. ट्रॅकपर्यंत ती टेम्पोवर चढवून न्यायची. आबांनी हे आधी विचारून घेतलं होतं, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून गाडी रस्त्यावर पळवायची असेल तर ते सरळ नकार देत. या एस्टीमच्या १२९८ सीसीच्या इंजिनात मालकानं बरंच काम करून घेतलं होतं. हेडचे पोर्ट घासून मोकळे केले होते, कॅम बदलला होता. आता त्याला हवा होता हेडर. म्हणजे कंपनीच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डच्या जागी चार सिलिंडरांतून निघणाऱ्या चार वेगळ्या नळ्या, ठरलेल्या लांबीच्या, ठरलेल्या जागी एकत्र येणाऱ्या.

बाळूला माप शोधायला वेळ लागला नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पळणाऱ्या, याच इंजिनाच्या एका गाडीच्या हेडरची मापं त्याला ओळखीच्या मेकॅनिककडून मिळाली. नळी आतून ३८ मिलिमीटर, लांबी साधारण ५८५ मिलिमीटर, चारही नळ्या थेट एकाच कलेक्टरमध्ये, म्हणजे त्या एकत्र येतात त्या जोडात. त्यानं चकचकीत स्टेनलेस स्टील आणलं, पुण्याहून तयार बेंड मागवले, टिग वेल्डिंग करताना नळीच्या आतून अर्गॉन सोडला, म्हणजे सांध्याची आतली बाजू जळून खडबडीत होऊ नये. सांधे एकसारखे आले. पॉलिश केल्यावर हेडर असा दिसू लागला की शेजारच्या लेथवरचे कामगार काम सोडून बघायला आले.

इंजिन सुरू झालं तेव्हा अख्खी गल्ली जमली. आवाज भरदार होता. शिरोळच्या पोरानं बाळूला मिठीच मारली. आबा मात्र दारात उभं राहून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी मातीच्या ट्रॅकवर ऑटोक्रॉसचा सराव होता. तिथे गोष्ट वेगळीच निघाली. सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी सुसाट जाई, पण प्रत्येक आखूड वळणातून बाहेर पडताना इंजिन दम टाकी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी क्षणभर काहीच होत नसे. मग पोरगा खालचा गिअर टाकी, चाकं जागेवर फिरत, माती उडे, आणि तोवर मागची गाडी पुढे निघून जाई. संध्याकाळी तो दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, रागावू नका," तो बाळूला म्हणाला, "पण वळणातनं निघायला कंपनीचा जुना मॅनिफोल्डच बरा होता."

बाळूला ते लागलं. तो रात्री उशिरापर्यंत हेडर तपासत बसला. गळती नव्हती, भेग नव्हती, वेल्डिंगमध्ये खोट नव्हती. शेवटी तो आबांपुढे येऊन उभा राहिला.

"आबा, कामात कुठंच चूक न्हाई. मापं बी तंतोतंत त्या गाडीची हैत. मग असं का व्हावं?"

आबांनी हातातलं काम खाली ठेवलं. "ती गाडी कुठं पळती?"

"इरुंगट्टुकोट्टईला. डांबरी सर्किटवर."

"अन् ही?"

"ही आपली... मातीत."

"मातीत ह्या इंजिनाचा काटा कुठं असतो? किती हजारावर?"

बाळूजवळ उत्तर नव्हतं. गाडीच्या मालकालाही ते नेमकं सांगता येईना. आबा म्हणाले, "मग तू हेडर कशाचा केलास? उद्या वही घे, त्याच्या शेजारी बस, अन् काट्यावर डोळा ठेव. वळणात किती, वळणातनं निघताना किती, सरळीच्या टोकाला किती, समदं लिही. ते लिहून झाल्याबिगार पाइपाला हात लावू नगंस."

बाळू हेल्मेट घालून शेजारच्या सीटवर बसला आणि धक्के खात आकडे लिहीत राहिला. वहीतलं चित्र साफ होतं. इंजिनाचा बहुतेक वेळ ३००० ते ५५०० आरपीएमच्या पट्ट्यात जात होता. ६५०० ला काटा फक्त सरळ पट्ट्याच्या शेवटी, तेही क्षणभर लागत होता. ७००० तर त्या ट्रॅकवर कधी येतच नव्हते.

वही बघून आबांनी त्याला समोर बसवलं. आयुष्यभर जे हातांनी केलं ते त्यांनी त्या दिवशी शब्दांत सांगितलं.

"विहिरीत हाक मारली की ती माघारी येती का न्हाई? पाइपात बी तसंच हाय. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की नुसता धूर जात न्हाई. दाबाची एक लाट सुटती, अन् ती धुराच्या पुढं पळती. तापलेल्या वायूत ती सेकंदाला पाचशे मीटरच्या वर जाती. विहिरीच्या तळावर आपटून हाक हाकच होऊन येती. पण पाइपाच्या उघड्या तोंडाशी, न्हाईतर जिथं पाइप एकदम रुंद होतो तिथं, ही लाट उलटी होती. दाब घेऊन गेलेली ओढ घेऊन माघारी येती."

"अन् ती ओढ सिलिंडरातला उरलेला धूर खेचून काढती," बाळू म्हणाला. हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं.

"काढती, पण येळेवर आली तर. पिस्टन वर पोचत असतो, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत असतो, इनलेटचा उघडत असतो. दोन्ही दारं जरा जरा उघडी असत्यात. त्या घडीला ओढ पोचली तर जुना धूर भाईर अन् नवा माल आत. चुकीच्या घडीला दाबाचीच लाट येऊन ठेपली, तर धूर उलटा सिलिंडरात शिरंल. लाटंचा वेग फारसा बदलत न्हाई, पण इंजिनाची घडी आरपीएमबरोबर बदलती. म्हणून एका लांबीचा पाइप एकाच पट्ट्यात मदत करतो. बाकी ठिकाणी तो गप बसतो, न्हाईतर आडवा येतो. आता सांग, तुझा पाइप कोणत्या पट्ट्यात मदत करतो?"

बाळूनं त्या रात्री ग्रॅहम बेल यांचं 'फोर-स्ट्रोक परफॉर्मन्स ट्यूनिंग' उघडलं. त्यातलं सूत्र अनुभवातून आलेलं आणि साधं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याच्या जितके अंश आधी उघडतो, त्यात १८० मिळवायचे. बेरजेला ८५० नं गुणायचं, हव्या त्या आरपीएमनं भागायचं, आणि हेडच्या आतल्या वाटेपोटी ३ वजा करायचे. उत्तर इंचांत येतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं डायल गेज आणि डिग्रीची चकती लावून त्या बदललेल्या कॅमचा व्हॉल्व्ह कधी उघडतो ते मोजलं. ५० अंश आधी. म्हणजे बेरीज २३०. मग त्यानं आधी आपल्याच हेडरचा हिशेब उलटा मांडला, आणि ७५०० आरपीएमला उत्तर आलं २३ इंच. म्हणजे जवळजवळ ५८५ मिलिमीटर. त्याच पुस्तकातल्या व्यासाच्या सूत्रानं दिलं साडेसदतीस मिलिमीटर, आणि त्याची नळी होती ३८ ची.

बाळू त्या आकड्यांकडे बघतच राहिला. माप चुकीचं नव्हतंच. ते एका वेगळ्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर होतं. त्याच्या गाडीनं तो प्रश्न विचारलाच नव्हता.

मग त्यानं ५००० आरपीएम धरून नवा हिशेब केला. लांबी आली ३६ इंचांवर थोडी, म्हणजे सुमारे ९१७ मिलिमीटर. नळीचा आतला व्यास आला ३१ मिलिमीटरच्याही किंचित कमी. तो आकडा बघून बाळू बिचकला. एवढी बारीक नळी? त्याच्या मनात पक्कं बसलं होतं की वाट जितकी रुंद तितकं इंजिन मोकळं.

"३१ चा पाइप ३८ चा केला तर आतली जागा किती वाढती?" आबांनी विचारलं.

बाळूनं वर्ग करून बघितलं. "दीडपट."

"म्हंजे तेवढाच धूर दीडपट जागेतनं जायचा. त्याचा वेग किती राहील?"

"दोन तृतीयांश."

"धुराला वजन असतं, बाळू. जोरात निघालेला धूर व्हॉल्व्ह मिटेस्तोवर मागच्याला वढत नेतो. तू वाट रुंद केलीस अन् त्याचा जोरच घालवलास. वरच्या आरपीएमला धूर भरपूर निघतो, तिथं रुंद वाट लागती. ह्या गाडीचं काम खालच्या अंगाला हाय. तिला जोर पाहिजे."

नळ्या कशा जोडायच्या हा पुढचा प्रश्न होता. बाळूनं भिंतीवर साठच्या दशकातल्या फोर्ड जीटी४० चं चित्र लावलेलं होतं. त्या गाडीच्या मागच्या बाजूला एक्झॉस्टच्या नळ्या सापांच्या वेटोळ्यासारख्या एकमेकींवरून गेलेल्या असतात. बाळूला ते चित्र देखणं म्हणून आवडायचं. आबांनी त्या नळ्यांवरून बोट फिरवलं.

"हे नक्षी म्हणून केलेलं न्हाई. व्ही-८ इंजिनात एका अंगाच्या सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतरानं होत न्हाईत. म्हणून त्यांनी ह्या अंगाचा पाइप त्या अंगाला नेला. ज्याची येळ ज्याच्याशी जमती त्याच्याशी त्याला जोडला. आता तुझ्या चार सिलिंडरांचं बघ."

बाळूनं कागदावर मांडलं. स्फोटाचा क्रम १-३-४-२, दोन स्फोटांत १८० अंशांचं अंतर. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह २३० अंशांहूनही जास्त काळ उघडा राहतो. म्हणजे पहिल्याचं दार मिटायच्या आतच तिसऱ्याचं उघडतं, आणि या दोघांच्या नळ्या जवळच एकत्र आणल्या तर तिसऱ्याचा दाब पहिल्याच्या उघड्या दारावर जाऊन धडकतो, नेमकी तिथे ओढ हवी असते त्या वेळी. पहिला आणि चौथा यांच्यात मात्र पूर्ण ३६० अंशांचं अंतर. दुसरा आणि तिसरा यांच्यातही तितकंच. म्हणून पहिला-चौथा एक जोडी, दुसरा-तिसरा दुसरी जोडी, आणि शेवटी दोन जोड्यांची मिळून एक नळी. या चार-दोन-एक रचनेत लाट दोन ठिकाणांहून परतते. मदत एकाच टोकाशी साठत नाही, मधल्या पट्ट्यात पसरते. मातीच्या ट्रॅकला हेच हवं होतं.

या खेपेला बाळूनं स्टेनलेस आणलं नाही. साधी एमएसची नळी आणली, बाहेरून ३३.७ मिलिमीटर, जाडी दीड. तिचा आतला व्यास हिशेबाला तंतोतंत बसत होता. तयार बेंडही मागवले नाहीत, कारण इंजिनासमोरच्या जागेत प्रत्येक नळीला वेगळं वळण लागत होतं. प्रेसवर वाकवली तर नळी वळणात चपटी होते आणि मोजून ठरवलेला व्यास तिथेच वाया जातो. आबांनी आपली जुनी रीत काढली. नळीत बारीक, भाजून कोरडी केलेली वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुटके ठोकायचे, वळणाची जागा गॅसवर लाल करायची आणि सावकाश वाकवायची. आतल्या वाळूमुळे नळी गोलच राहते.

त्याआधी बाळूनं जाड तारेनं प्रत्येक नळीची वाट आखून घेतली. माप नळीच्या मधल्या रेषेवरून धरलं, कारण वळणाची बाहेरची बाजू लांब भरते आणि आतली आखूड. नळ्या हेडला जोडणारी दहा मिलिमीटर जाडीची पट्टी, म्हणजे फ्लँज, कापून ती एका जुन्या हेडला बोल्टनं घट्ट आवळली आणि नळ्यांना टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते टाके) मारले, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेनं ती वाकू नये. पहिल्या १५ इंचांपर्यंत चार नळ्या, पुढे २१ इंच दोन नळ्या. सांध्याचा एक भाग दुसऱ्यात सरकता ठेवून त्यावर स्प्रिंग लावल्या, कारण पाचशे अंशांनी तापल्यावर ९०० मिलिमीटरची लोखंडी नळी पाच मिलिमीटरहून अधिक लांब होते. तिला हलायला जागा दिली नाही तर ती कुठेतरी फुटते.

टॅक मारून झाल्यावर आबांनी चारही नळ्यांत पाणी भरून मोजायला सांगितलं. पहिली आणि चौथी किंचित, दहा मिलिमीटरच्या फरकाइतकी, वेगळी भरली. तिसरी मात्र बरीच कमी. मोजल्यावर ती साठ मिलिमीटर आखूड निघाली. तिची वाट स्टार्टरच्या जवळून जात होती आणि बाळूनं तिथे जवळची वाट पकडली होती.

"पहिली अन् चौथी असू दे," आबा म्हणाले. "त्या दहा मिलिमीटरचं इंजिनाला काही न्हाई. तिसरी काप अन् पुन्हा कर."

"आबा, दहा चालतंय मग साठ का न्हाई? थोडक्यासाठी पुन्हा समदं..."

"दहासाठी रात्र जागलास तर तू हट्टी. साठ सोडलेस तर तू आळशी. कुठं सोडायचं अन् कुठं सोडायचं न्हाई, हे ज्याला कळलं तो मेस्त्री."

बाळूनं तिसरी नळी कापली आणि पुन्हा केली.

हेडर तयार झाला तो दिसायला अगदी साधा. उष्णता सोसणारा काळा रंग, सांधे नीटनेटके, चकाकी काहीच नाही. शिरोळच्या पोराबरोबर आलेल्या मित्रांनी नाकं मुरडली. एकानं शेवटचं नळकांडं तरी जाडजूड बसवा, आवाज यायला हवा, असा हट्ट धरला. बाळू शांतपणे म्हणाला, "आवाज पाहिजे असंल तर तो पहिला हेडर आहे, आत्ता बसवून देतो. वळणातनं गाडी काढायची असंल तर हा. ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून बघा, मग ठरवा."

ट्रॅकवर इंजिन सुरू झालं तेव्हा कुणी वळूनही बघितलं नाही. पण पहिल्याच आखूड वळणातून गाडी बाहेर पडली आणि बाळूनं काठावरून ऐकलं, पोरानं खालचा गिअर टाकलाच नव्हता. जिथे आधी दुसऱ्या गिअरमध्ये चाकं घसरत होती, तिथून ती तिसऱ्यातच दमदार ओढत गेली. प्रत्येक वळणावर तेच. पोरगा परत आला तो हसतच, पण एक तक्रार होतीच. "सरळीच्या टोकाला मात्र आधीचा जास्त पळायचा."

"व्हय," आबा म्हणाले. "ते देऊनच हे घेतलंय. सरळ एकच हाय, वळणं किती हैत?"

त्या मोसमात ती एस्टीम आपल्या वर्गात पहिल्या तिघांत येऊ लागली आणि बाळूच्या काळ्या हेडरचं नाव झालं. ते ऐकून पुण्याहून एक तरुण आला. त्याच्याकडेही एस्टीमच होती. पैसे हातात घेऊनच तो उभा होता. "तो जिंकणारा हेडर मला हवाय. अगदी तसाच, एका मिलिमीटरचाही फरक नको."

पूर्वीचा बाळू असता तर त्यानं लगेच फ्लँज कापायला घेतली असती. या बाळूनं आधी विचारलं, "तुमची गाडी कुठे पळते?"

"डांबरी सर्किटवर. सहा हजाराच्या खाली मी काटा येऊच देत नाही."

बाळू आत गेला आणि फळीवर पडलेला तो चकचकीत स्टेनलेसचा हेडर घेऊन आला. "मग काळा हेडर तुमच्या कामाचा नाही, तो तुम्हाला सरळ पट्ट्यावर मागे टाकेल. तुमचं माप हे आहे. आधी तुमचा कॅम मोजू, मग हा बसवू." आपल्या नावाजलेल्या वस्तूला गिऱ्हाईक दारात आलेलं असताना त्यानं ती विकली नाही. आबांनी मान वर करून एकदा पुतण्याकडे बघितलं आणि दुकानाचं मापाचं कपाट त्या दिवसापासून त्याच्या ताब्यात दिलं.

तात्पर्य: यशस्वी माणसाचं माप उचलणं सोपं असतं, कारण ते तयार असतं आणि त्याला यशाचा शिक्का असतो. पण प्रत्येक माप हे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तो प्रश्न आपला असेलच असं नाही. शेजाऱ्याच्या मुलानं घेतलेला कोर्स, मित्रानं सुरू केलेला धंदा, मोठ्या शहरातली मोठ्या पगाराची वाट, या गोष्टी वाईट नसतात. आपलं आयुष्य रोज कोणत्या पट्ट्यात चालतं हे न पाहता त्या घेतल्या, तर ऐन वळणावर आपला दम जातो आणि काम चोख असूनही असं का झालं ते कळत नाही. म्हणून उत्तर शोधण्याआधी वही घेऊन स्वतःच्या शेजारी बसावं आणि आपला काटा खरोखर कुठे फिरतो ते प्रामाणिकपणे लिहावं. त्यातून जे माप निघेल ते कदाचित लहान असेल, त्याला चकाकी नसेल, आणि त्यासाठी काहीतरी सोडावंही लागेल. तरी तेच घ्यावं, आणि आपलं माप दुसऱ्याला देण्याआधी त्यालाही हाच प्रश्न विचारावा.